चौथ्या सीटवरून

प्रिय,

तुझे 40 फोटो काल रात्री दोनदा पाहिले. मालिकेचं नाव ‘आजची स्त्री’. खरं सांगू? त्यातल्या 26 बायका खिडकीबाहेर बघतायत. अगं, आपल्या बायकांना खिडकीबाहेर बघायला एवढा वेळ कधी असतो?

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी टिपलेले नेहरू सगळ्यांना माहीत असतात. तू त्याआधीचे फोटो शोध, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना काढलेले. वर्गमैत्रीण रेहाना मोगल त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. कॅमेऱ्याला न बुजलेली, आपल्याच नादात. बुजेल कशी? फोटो काढणारी तिच्याच वर्गात बसत होती. (आणि होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशॉ व्यारावालांच्या नावाने, जे पुढे त्यांचे पती झाले. असो.)

तुझा वर्ग म्हणजे लेडीज डबा. डोंबिवलीहून रोज येतेस ना? मेथी निवडणारी, फोनवर कुणालातरी झापणारी, ‘कुठे उतरणार?’ विचारून सीट पक्की करणारी. आणि तिघींच्या बाकावर चौथ्या सीटला टेकलेली, अर्धी हवेत, सगळा तोल पायाच्या बोटांवर. ही बाई तुझ्या एकाही फोटोत नाही, आणि रोज तूच तिथे टेकतेस! छायाचित्र-पत्रकार अनुश्री फडणवीस यांनी याच डब्यातल्या बायकांचे फोटो मोबाईलवर काढून इन्स्टाग्रामवर टाकले, ‘ट्रेनडायरीज’ म्हणून. बघ जरूर, नक्कल मात्र नको.

फोटो काढलास की तिला दाखव. ‘काढून टाक’ म्हणाली तर तिच्यासमोर काढून टाक. मी एकदा नुसतं ‘हो हो’ म्हटलं. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या एका बाईचा फोटो फारच छान आला होता, मोह आवरला नाही. प्रदर्शनात तो तिच्या जावेने पाहिला. पुढच्या खेपेला धक्क्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही, बर्फवालासुद्धा. तो प्रिंट अजून कपाटात उलटा ठेवलेला आहे.

फोटोखाली ‘कष्टकरी स्त्री’ वगैरे लिहू नकोस. ती काय करत होती तेवढं लिही. चाळीसपैकी एक मात्र ठेव, कपाळाला हात लावून झोपलेली. तिच्या मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी तुला दिसली होती का, की नुसतीच आली?

पुढच्या महिन्यात दहाच फोटो आण, कागदावर छापून. अकरावा तुझा. डब्यातल्या कुणालातरी काढायला सांग.

– बाई