घरीच प्रार्थना केली तर चालत नाही का, चर्चला गेलंच पाहिजे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही ख्रिस्ती घरातल्या, वय २७, चर्चमधलं राजकारण आणि कुजबुज बघून वर्षभर जाणं बंद केलंय, घरी रोज प्रार्थना करता, आई सारखी टोकते, आणि बायबलमधल्या मत्तय ६ मध्ये येशूनेच 'खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर' असं सांगितलंय तर दर रविवारी तिथे जाऊन बसायची गरज काय.

चालतं की. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाहीये. पण मी हे स्वतः दोन वर्षं करून बघितलंय म्हणून लिहितेय, उपदेश म्हणून नाही, उपदेशाला आमच्याकडे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, आहेत आणि ते चाळीस मिनिटांच्या आत थांबत नाहीत.

मी इंदूरची. इथे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) मिशनरी १८७७ मध्ये आले, त्यांचं कॉलेज १८८७ पासून आहे, आणि आमचे पणजोबा मिशनच्या दवाखान्यात कामाला म्हणून नगरकडून इकडे आले ते इथलेच झाले. त्यामुळे आमचं सगळं दोन भाषांत चालतं. चर्चमध्ये 'जय मसीह की', घरी आल्यावर आजीला 'सलाम'. उपासना हिंदीत, पण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठी भजन असतं, पेटी झांजा सगळं, आणि तिथे निम्मी गाणी टिळकांचीच, म्हणजे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. त्या दिवशी आमचे काही म्हातारे लोक रविवारपेक्षा जास्त खुश असतात. असो.

मी सोडलं त्याचं कारण तुमच्यासारखंच. बाबा गेले. मिल बंद पडल्यापासून त्यांचं कसंबसंच चाललेलं, शेवटी दीड वर्ष आजारी, त्यात त्यांची मासिक वर्गणी राहिली. प्रार्थनासभेसाठी हॉल मागितला तर कमिटीतले एक जण सगळ्यांसमोर म्हणाले, ज्यांची वर्गणी बाकी आहे त्यांना हॉल कसा द्यायचा, नियम म्हणजे नियम. हॉल मिळाला शेवटी, मी पैसेही भरले, पण त्या दिवशी ठरवलं की बास, देवाशी माझं मी बघून घेईन.

पहिला महिना काय सांगू, अगदी छान. पहाटे साडेपाचला उठायचं, मेणबत्ती, पवित्र शास्त्र, वही काढून त्यात वचनं लिहायची. तिसऱ्या महिन्यात प्रार्थना पोहे परतताना व्हायला लागली. सहाव्या महिन्यात स्कूटीवर, सिग्नलला. त्याचंही मला काही वाटत नाही, देवाला काय सिग्नलवरचं ऐकू येत नाही असं थोडंच आहे. पण एक दिवस ती वही चाळली आणि लक्षात आलं की त्यात फक्त मीच आहे. माझी मुलगी, तिचे मार्क, माझं गुडघ्याचं दुखणं, माझा हप्ता. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन होऊन गेलं होतं ते मला माहीतच नव्हतं, कारण असल्या बातम्या आम्हाला चर्चच्या दारातच कळतात, ज्याला तुम्ही कुजबुज म्हणता त्यातली निम्मी कुजबुज हीच असते की कोण आजारी आहे आणि कोणाच्या घरी डबा लागणार आहे. उरलेली निम्मी वाईटच असते, ते मान्य.

आता दार लावायचं बघू. तो मुद्दा बरोबर आहे, येशू तिथे लोकांना दाखवण्यासाठी नाक्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलतोय. पण त्याच अध्यायात तीन वचनं पुढे तो जी प्रार्थना शिकवतो ती सुरू होते 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी. आणि ही मजा आपल्या मराठीतच आहे, हिंदीत नुसतं 'हमारे' होतं, मराठीत मात्र 'आपल्या' आणि 'आमच्या' वेगळं. देवाशी बोलताना 'आपल्या पित्या' म्हणता येत नाही, 'आमच्या' म्हणावं लागतं, म्हणजे देवाला सोडून बाकी आम्ही सगळे. मी दार लावून एकटी बसलेय आणि म्हणतेय 'आमच्या', 'आमची रोजची भाकर', 'आमची ऋणं'. आमची म्हणजे कोणाची? मी आणि अजून कोण? त्या 'आमच्या'मध्ये ते वर्गणीवाले पण येत होते आणि मला ते नको होते, खरं कारण एवढंच होतं.

परत गेले ते काही साक्षात्कार होऊन नाही. आमच्यात एक मावशी आहेत, ८१ वर्षांच्या, नात्याने कोणी नाही, सगळ्यांच्याच मावशी. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये ब्रेड आणि द्राक्षाचा रस वाटून घेतात त्याचा, रस गेली कित्येक वर्षं त्याच करायच्या. त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. फोन आला तो 'चर्चला का येत नाहीस' म्हणून नाही, 'सियागंजातून अर्धा किलो काळ्या मनुका घेऊन ये, बिया असलेल्या, बिनबियांच्या गोड असतात पण रंग येत नाही' म्हणून. गेले. त्या पलंगावर, मी त्यांच्या किचनमध्ये, आणि तिथून ऑर्डरी. मनुका तीन पाण्यांनी धू, रात्रभर भिजव, त्याच पाण्यात उकळ, फुगल्या की हाताने कुस्कर, मिक्सर लावायचा नाही कारण बिया फुटून कडू होतं, मग मलमलच्या कापडातून गाळ आणि कापड पिळू नकोस गं, गढूळ होतं, टांगून ठेव. साखर अजिबात नाही. मी विचारलं थोडी घातली तर काय बिघडतं, तर म्हणाल्या, सरबत आहे का ते.

(लॉकडाऊनमध्ये १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आम्ही मोबाईलवर उपासना लावून कोकम सरबत आणि ब्रेडवर केला होता, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

रस टांगून ठेवला होता तेव्हा म्हणाल्या काहीतरी वाच. त्यांच्या उशाशी हिंदी बायबल होतं, मी २३ वं स्तोत्र काढलं, 'यहोवा मेरा चरवाहा है, मुझे कुछ घटी न होगी'. त्यांनी हात वर करून थांबवलं. मराठीत म्हण. पुस्तक नव्हतं, पण लहानपणचं पाठ असतं ना, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही'. त्या म्हणाल्या 'घटी' म्हटलं की मला दुकानातला तराजू दिसतो, 'उणे' म्हटलं की माझी आई आठवते. मी घरी दोन वर्षं हे स्तोत्र मनात म्हणत होते, पण कोणासाठी तरी मोठ्याने म्हणायची वेळ आली नव्हती, आणि मोठ्याने म्हणताना 'उणे'वर माझाच आवाज अडकला. बाबांच्या वेळी खूप काही उणं पडलं होतं. तेव्हा मावशींनी काही समजावलं वगैरे नाही, रसाखाली पातेलं नीट आहे का बघ म्हणाल्या.

मग रस पोचवायला म्हणून रविवारी जावं लागलं. पोचवलाच आहे तर ओतायला थांबले. आमच्याकडे काचेचे छोटे छोटे प्याले असतात, एका ट्रेमध्ये चाळीस, आणि स्लाइस ब्रेडच्या कडा काढून नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे, कडा संडे स्कूलची पोरं भांडून खातात. नंतर प्याले धुवायला दोन माणसं लागतात, एकाने धुवायचे एकाने पुसायचे. पुसायला कोण उभं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

राजकारणाबद्दल म्हणाल तर ते काही नवीन नाहीये. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र (करिंथ गावातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं) एकदा पत्र म्हणून सलग वाचा, वचनं निवडून नाही. गट पडलेत, एकमेकांवर कोर्टात केस केल्यात, प्रभुभोजनाला एक जण उपाशी तर दुसरा पिऊन टुन्न. येशूनंतर वीस पंचवीस वर्षांतली ही गोष्ट. आणि तरी पौल त्यांना पत्राच्या सुरुवातीलाच 'मंडळी' म्हणतो. मला हा मराठी शब्द फार आवडतो, हिंदीतल्या 'कलीसिया'ला घरातला वास नाही, आपल्याकडे 'मंडळी' म्हणजे चर्चही आणि जेवायला बसलेले घरचेही, आणि घरच्यांत एक तरी नग असतोच.

क्षमेबद्दल मोठं बोलायची माझी लायकी नाही. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरलाच सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा कार्यक्रम झाला, आम्ही कॅथलिक नाही तरी गेलो होतो, केवढी गर्दी. गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या म्हणून १९९५ मध्ये त्यांना बसमध्ये भोसकून मारलं, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीने जेलमध्ये जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ते सगळं ऐकून मी डोळे पुसत घरी आले होते. आणि नंतर वर्गणीवरून दोन वर्षं रुसून बसले ती पण मीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कुठे पैशाचे घोळ असतील, पास्टर लग्न-नोकरी सगळं स्वतःला विचारून करायला लावत असेल, औषध बंद करा प्रार्थनेनेच बरं होईल म्हणत असेल, किंवा बाई म्हणून तिथे असुरक्षित वाटत असेल, तर एक मिनिट थांबू नका, निघा, आईलाही तसंच सांगा. ते रुसणं नाही. दुसरं चर्च शोधा, छोटं बघा, जिथे खुर्च्या मांडायला माणसं कमी पडतात असं. आणि पहिल्या दिवसापासून बाकावर बसून प्रवचनाला मार्क देऊ नका, काहीतरी हाताचं काम मागून घ्या, सतरंज्या, चहा, काहीही. मन लागो न लागो, कप तर धुवून होतात. माझं अजूनही कित्येक रविवारी प्रवचनात मन लागत नाही, बाहेर जाऊन पोह्यावर शेव आणि जिरावण मसाला कधी पडतोय एवढंच डोक्यात असतं.

पहाटेचं दार लावून बसणं पण परत सुरू केलंय, रोज नाही जमत. वहीत आता बाकीच्यांची नावं असतात. त्या वर्गणीवाल्यांचं पण आहे, त्यांच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे, हे मला प्याले पुसतानाच कळलं.

तुम्ही विचाराल समेट झाला का. तसा नाही. त्यांनी सॉरी म्हटलं नाही, मीही विषय काढला नाही. मी ट्रेमध्ये प्याले लावून मोजून ठेवते, आणि माझी पाठ वळली की ते परत मोजतात.