ग्रोथ हार्मोन सुरू करताना

ताई, मुलाची उंची कमी आहे म्हणून ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करायची का, असं तुम्ही विचारलंत. घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी मुलांच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा. ते तपासण्या सांगतील: हाडांचं वय बघायला डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे, थायरॉइड, आयजीएफ-१ (वाढीशी संबंधित रक्ततपासणी), लागली तर स्टिम्युलेशन टेस्ट (औषध देऊन शरीर ग्रोथ हार्मोन किती बनवतं ते बघणं) आणि मेंदूचा एमआरआय. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमची (मुलींमध्ये उंची खुंटवणारा जन्मजात गुणसूत्रदोष) तपासणीसुद्धा. आई-वडील बुटके आहेत एवढ्यावरून कुणी इंजेक्शन सुरू करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

माझा लेक सात वर्षांचा होता. पहिल्या रात्री इंजेक्शनचं पेन धरताना माझेच हात थरथरत होते. बटण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत सुई आत ठेवायची असते; ते आकडे तोच मोठ्याने मोजायचा. पंधरा दिवसांत ते दात घासण्याइतकं सवयीचं झालं. जागा मात्र रोज बदला: आज डावी मांडी, उद्या उजवी, परवा पोट.

पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं औषध वाया गेलं समजा, आणि ते महाग असतं. डोस वजनावर ठरतो, म्हणजे मूल वाढेल तसा खर्चही वाढतो. पुढच्या काही वर्षांचा हिशेब डॉक्टरांशी आजच स्पष्ट बोला, कारण मध्येच सोडणं जिवावर येतं.

सतत डोकं दुखलं, दिसायला अंधुक झालं, खुबा किंवा गुडघा दुखून मूल लंगडायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

उंची दर तीन महिन्यांनी, अनवाणी, सकाळी, त्याच भिंतीशी मोजा. रोज मोजू नका, मूल कोमेजतं.