स्कारबरोने २०१० मध्ये सबवेला मत का दिलं

तुम्ही विचारलंय की लाइट रेलला (विजेवर धावणारी, ट्रामसारखी हलकी रेल्वे) ओंटारियो प्रांताचं सरकार पैसे देत होतं, शेपर्ड रस्त्यावर कामही सुरू झालं होतं, मग टोरांटोच्या लोकांनी २०१० मध्ये ती योजना मोडीत काढणाऱ्या रॉब फोर्डना महापौर का केलं? आणि निवडून आल्यावर त्यांना तरी सबवे (भुयारी मेट्रो) का बांधता आला नाही? मी तेव्हाही शहराच्या पूर्वेकडच्या स्कारबरोत राहत होतो, आजही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात १९९८ पासून करायला हवी. त्या वर्षी प्रांत सरकारने जुनं टोरांटो, स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, इटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क अशा सहा पालिका एकत्र करून एकच शहर केलं. सबवेचं जाळं मुख्यतः मध्यभागी आणि आम्ही कडेला, बसच्या भरवशावर. स्कारबरोच्या वाट्याला आली १९८५ ची आरटी, म्हणजे 'रॅपिड ट्रान्झिट' नावाची छोटी रेल्वे: साडेसहा किलोमीटरहून कमी लांबीचा मार्ग, छोटे डबे आणि बर्फ पडला की बंद. केनेडी स्टेशनला सबवे जमिनीखाली आणि आरटी पार वरच्या मजल्यावर. जानेवारीत कडेवर मूल आणि खांद्यावर पिशवी घेऊन ते जिने चढलेल्या माणसाला 'सबवे' म्हटलं की बोगदा दिसत नाही. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांना जे मिळतं तेच आपल्यालाही मिळावं, एवढंच त्याला हवं असतं. फोर्डना ही भावना कळली होती. त्यांच्या विरोधकांना ती कळली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधीचे महापौर डेव्हिड मिलर यांनी २००७ मध्ये ट्रान्झिट सिटी जाहीर केली. सात मार्ग, सुमारे १२० किलोमीटर लाइट रेल. योजना विचारपूर्वक केलेली होती. पण त्याच काळात सेंट क्लेअर रस्त्यावर ट्रामसाठी वेगळी मार्गिका करायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, खर्च वाढला, दुकानदार मेटाकुटीला आले. त्यामुळे 'लाइट रेल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सेंट क्लेअर यायचं. खरं तर आरटीच्या जागी येणारी लाइट रेल आरटीच्याच स्वतंत्र मार्गावरून जाणार होती, रस्त्यावरच्या गाड्यांशी तिचा संबंधच येणार नव्हता. आमच्या इमारतीत तरी हे कोणाला नीट माहीत नव्हतं. मलाही ते निवडणूक होऊन गेल्यावर समजलं.

वाहतूक हा एकच मुद्दा नव्हता, हेही सांगायला हवं. पालिकेच्या उधळपट्टीवरचा राग मोठा होता आणि दर गाडीमागे वर्षाला ६० डॉलरचा कर लोकांना खुपत होता. २५ ऑक्टोबर २०१० ला फोर्डना ४७ टक्के मतं पडली, त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी जॉर्ज स्मिदरमन यांना ३५ च्या आसपास. निकालाच्या नकाशावर मध्यभाग स्मिदरमन यांचा आणि उपनगरं फोर्ड यांची, जवळजवळ १९९८ आधीच्या जुन्या पालिकांच्या सीमारेषांवरच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १ डिसेंबरला सूत्रं हाती घेताच फोर्डनी ट्रान्झिट सिटी संपल्याचं जाहीर केलं. पण पुण्या-मुंबईत महापौर नगरसेवकांमधून निवडतात आणि पक्षाचा व्हिप चालतो, तसं इथे नाही. इथे महापौर थेट लोक निवडतात, मात्र सभागृहात पक्षच नाहीत. तेव्हा ४५ मतांपैकी महापौराचं मत एकच होतं. खासगी पैशातून शेपर्ड सबवे होईल असं त्यांनी सांगितलं होतं. तो पैसा उभा राहिला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये टीटीसीच्या (शहराची बस-सबवे चालवणारी संस्था) अध्यक्ष कॅरन स्टिंट्झ, ज्या एकेकाळी त्यांच्याच बाजूच्या होत्या, त्यांच्या पुढाकाराने सभागृहाने २५ विरुद्ध १८ मतांनी लाइट रेल परत आणली.

तिथेच विषय मिटला असता तर बरं झालं असतं. पण २०१३ मध्ये त्याच सभागृहाने आरटीच्या जागी येणारी सात थांब्यांची, प्रांताच्या पैशातून होणारी लाइट रेल सोडून स्कारबरोसाठी तीन स्टेशनांचा सबवे निवडला आणि त्यासाठी ३० वर्षं चालणारा १.६ टक्के जादा मालमत्ता कर लावला. २०१४ मध्ये जॉन टोरी सात वर्षांत २२ स्टेशनांची 'स्मार्टट्रॅक' नावाची रेल्वे देण्याचं वचन देऊन महापौर झाले. ते वचनही पूर्ण झालं नाही. २०१६ मध्ये स्कारबरोचा सबवे एका स्टेशनावर आला आणि २०१९ मध्ये प्रांताने तो ताब्यात घेऊन पुन्हा तीन स्टेशनं केली. शेवटी २४ जुलै २०२३ ला आरटीचा मागचा डबा रुळावरून घसरला, काही प्रवासी जखमी झाले आणि ती गाडी पुन्हा कधीच धावली नाही. तेव्हापासून आम्ही बसमध्ये आहोत.

सबवे मागणारे लोक अडाणी होते असं इथे अनेक जण म्हणतात, ते मला मान्य नाही. लाइट रेलच्या बांधकामासाठी आरटी काही वर्षं बंद ठेवावी लागणार होती, तो आक्षेपही खरा होता. पण पैसा कुठून येणार हे आम्ही विचारलं नाही आणि ती चूक आमचीच.

येत्या ऑक्टोबरात, २०२६ मध्ये, पुन्हा निवडणूक आहे. तुम्ही नागरिक झाला असाल तर उमेदवाराला नकाशावरच्या रेघेबद्दल विचारण्याआधी एवढं विचारा: ती रेघ प्रत्यक्षात येईपर्यंत केनेडीहून स्कारबरो सेंटरला मी कशाने जायचं, आणि ती बस किती मिनिटांनी येणार?