सहकारी बँक एक टक्का जास्त व्याज देते, आईचे 9 लाख तिथं ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की बँक जुनी आहे आणि संचालक ओळखीचे आहेत. त्या 'ओळखीचे' शब्दावरच माझं डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

आमचे आबा कोल्हापुरात उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. रिटायर झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटीचे 6 लाख 40 हजार आले. मी म्हटलं, निम्मे पोस्टात टाकू. दाजी म्हणाले, "पोस्टात कोण वळखतंय तुला? हितं चेअरमन आबांना नावानं हाक मारतोय." खरं होतं ते. सगळे पैसे एकाच नागरी सहकारी बँकेत गेले. आबा सभासद झाले. दरवर्षी सभेला जायचे, विषय वाचला की सगळ्यांबरोबर "मंजूर, मंजूर" म्हणायचे आणि येताना स्टीलचा डबा आणायचे. तसले चार डबे अजून घरात आहेत. अहवाल मात्र कुणी उघडला नाही. त्यात छापलं होतं: लेखापरीक्षण वर्ग 'अ', निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज) शून्य टक्के.

शून्य दाखवायला काय लागतं? थकलेलं कर्ज पाव्हण्याच्या नावानं नवं कर्ज काढून भागवायचं, झालं. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेचं 2019 ला जे बाहेर आलं ते ह्याच जातीचं, फक्त आकडा अवाढव्य: बहुतांश कर्ज एकाच बिल्डर गटाला आणि ते लपवायला 21 हजारांवर बनावट खाती.

एके दिवशी आमच्या बँकेच्या दारावर कागद लागला. बँकिंग कायद्याच्या कलम 35अ खाली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, खात्यातून हजार रुपये काढता येतील. आबा पहिले दोन दिवस गेलेच नाहीत. म्हणाले, आपणच रांगेत उभं राहिलो तर बँकेची काय इज्जत राहील? पुढं परवाना रद्द झाला, तोही 2020 च्या आधी. तेव्हा ठेवींचा विमा 1 लाखाचा होता, 1993 पासून तेवढाच. तेवढे मिळाले, तेही परवाना गेल्यावर. बाकीच्यासाठी अवसायकाकडं, म्हणजे बँक गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, खेटे.

दाजींचं आजही एकच पालुपद: रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले म्हणून बँक बुडली. नाही हो दाजी. बँक आतून कधीच गेली होती, कागद नंतर चिकटवला. वर ते अमेरिकेचा दाखला देतात. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले आणि ती पडली, पण ठेवीदारांचे सगळे पैसे परत मिळाले. मिळाले, कारण तिथल्या सरकारनं ठरवलं. आपल्याकडं तसं ठरवेल ह्या भरवशावर आईचे पैसे ठेवायचे?

तर तुमचं. आता विमा 5 लाख आहे, मुद्दल अधिक व्याज धरून, एका बँकेतल्या सगळ्या शाखांचं मिळून. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागले तरी ही रक्कम 90 दिवसांत मिळायला हवी. म्हणून एका बँकेत साडेचारच्या वर नको, व्याजाला जागा ठेवा. 9 लाख दोन बँकांत निम्मे निम्मे केले तरी ठेवीची मुदत बघा, पाच वर्षांची असली तर व्याजच पाचाच्या वर नेईल.

सगळ्या सहकारी बँका तसल्या नसतात, हेही सांगतो. माझं स्वतःचं पगाराचं खातं एका सहकारी बँकेतच आहे. आणि खाजगी बँकाही काही सोवळ्या नाहीत, मार्च 2020 ला येस बँकेच्या ग्राहकांना 50 हजारांची मर्यादा आलीच होती. पतसंस्था मात्र वेगळी गोष्ट, तिथल्या ठेवीला हा विमाच नाही.

दाजींनी गेल्या वर्षी पतसंस्थेतच ठेवलेत. मी दोनदा सांगून बघितलं. आता ताई बघून घेईल.