वाचक विचारतात : परतीची पाखरं, हतनूरची आणि जपानची

या वेळी पत्रांचे सरळ दोन गठ्ठे झाले. एकात हतनूर धरण, तापीचं पात्र आणि वाढतं ऊन. दुसऱ्यात जपान, कारण मुलगा किंवा सून तिकडे नोकरीला असलेली घरं आता जळगाव-धुळ्यातही कमी नाहीत. वसंतात पक्षी घाईत असतो, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

प्रश्न : हतनूरला मार्चमध्ये सकाळी दहा-साडेदहाला काढलेले सगळे फोटो मऊ येतात. शटर १/३२०० ठेवलं, ट्रायपॉड लावला, तरी पिसं उमटत नाहीत. लेन्स १५०-६०० आहे. दुकानदार म्हणतो, लेन्स दुरुस्तीला टाका. टाकू का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : इतक्यात टाकू नका. उजाडताच घराच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, वीस मीटरवर ट्रायपॉड लावा आणि ६०० वर दहा फोटो काढा. बारीक अक्षरं स्वच्छ आली तर लेन्स धडधाकट आहे. मग तेच पान अकरा वाजता मोकळ्या रानात शंभर मीटरवरून टिपा. अक्षरं वितळल्यासारखी दिसतील, आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या तऱ्हेने. लेन्सचा दोष असता तर तो दर वेळी एकसारखाच आला असता.

खरा गुन्हेगार हवा आहे. तापलेल्या गाळावरची हवा गरम होऊन वर चढते, थंड हवा तिच्या जागी येते आणि दोन्हींतून जाणारा प्रकाश क्षणाक्षणाला वेगळा वाकतो. बट्टी भाजताना गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवरून पलीकडचं थरथरतं दिसतं, तेच इथे दीडशे मीटर लांबीच्या हवेत होतं. वर लेन्स त्याला मोठं करून दाखवते. वेगवान शटरने ही थरथर गोठते, जात नाही. ऑटोफोकसही याच थरथरीवर चाचपडत राहतो.

यावर लेन्स बदलणं हा उपाय नाही, वेळ आणि अंतर बदला. मार्चमध्ये आपल्याकडे साडेसहा-पावणेसातला उजाडतं आणि एप्रिलअखेर सहाला. तिथून साधारण दोन तास तुमचे. साडेआठनंतर पन्नास मीटरच्या पुढचा पक्षी फक्त नोंदीपुरता टिपा. ढग आला तर थांबा, जमीन सावलीत गेली की काही मिनिटांत हवा शांत होते. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा प्रयत्न करता येतो, पण दिवसभर तापलेला गाळ लवकर निवत नाही. त्यामुळे सकाळच बरी.

आडवं पडून, डोळ्याच्या पातळीवर फोटो घ्यायची सध्या फॅशन आहे. फोटो सुंदर येतो, पण जमिनीलगतचा पहिला अर्धा मीटर हाच सगळ्यात जास्त उकळणारा थर. म्हणून पडून टिपायचं ते पहिल्या तासात. ऊन चढलं की बांधावर उभं राहून, थोडं खाली बघत टिपा.

गाडीतून टिपत असाल तर इंजिन बंद करा, एसी बंद करा आणि दोन्ही बाजूंच्या काचा दहा-पंधरा मिनिटं उघड्या ठेवा. आतली आणि बाहेरची हवा खिडकीतच मिसळते, अगदी लेन्सच्या तोंडाशी. बॉनेटवरून तर टिपूच नका. काळं लांब हूड उन्हात तापलं असेल तर काढून बघा, कधीकधी तेवढ्याने फरक पडतो. आणि वीस-तीस फोटोंची सलग फैर झाडा. त्यात एखादा असा निघतो, जो हवा क्षणभर स्थिर असताना पडलेला असतो. बाकीचे निर्दयपणे पुसा.

प्रश्न : हतनूरला किती दिवसांपर्यंत जाण्यात अर्थ आहे? आमच्याकडे समज असा की फेब्रुवारी संपला, पक्षी संपले.
– एक शिक्षिका, रावेर

उत्तर : बदकांपुरता हा समज बराचसा खरा आहे. पट्टकादंब आणि तलवार बदकं लवकर हलतात. थापट्या आणि भुवई बदकं रेंगाळतात. पण चिखलातल्या पक्ष्यांसाठी मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल हाच खरा हंगाम. धरणाचं पाणी उतरत जातं, गाळ उघडा पडतो आणि तुतवार, टिलवे, पाणटिवळे पाण्याच्या सरकत्या कडेने चरत राहतात. शिवाय रंग! नोव्हेंबरात मातकट दिसलेला काळ्या शेपटीचा पाणटिवळा एप्रिलमध्ये मान-छातीवर विटकरी व्हायला लागतो. पिवळा धोबी तेव्हाच खरा पिवळा होतो. पळस मैनांचे थवे पळस, पांगारा आणि काटेसावरीवर असतात. त्यांच्यासाठी धरणावर जायची गरज नाही, फुललेलं झाड हेरून सूर्य पाठीशी घ्या आणि बसा.

एक पथ्य. या दिवसांत पक्षी प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. उडवून लावलेला थवा खाण्याचा वेळ घालवतो आणि साठवलेलंही खर्च करतो. पट्टकादंबाला तर पुढे हिमालय ओलांडायचा असतो. ‘उडताना फोटो हवा’ म्हणून दगड मारणाऱ्याला सोबत नेऊच नका.

प्रश्न : गाळात पक्ष्यांच्या जवळ जायचं कसं? लपण उभारलं होतं, आठवड्याने गेलो तर पाणी चाळीस पावलं लांब.
– एक वाचक, मुक्ताईनगर

उत्तर : म्हणूनच उतरत्या पाण्यावर कायमचं लपण उभारू नये. मातकट रंगाचं जाळीचं कापड, बसायला गोणपाट आणि गुडघ्याइतकं छोटं स्टूल पुरे. रोज नवी जागा.

पक्ष्यांच्या दिशेने सरळ चालू नका. तिरके जा, त्यांच्या बाजूने निघून गेल्यासारखे. चरणारी डोकी वर झाली की जिथे आहात तिथेच बसा. पुन्हा चोची चिखलात गेल्या की दहा पावलं. पक्षी चालत दूर जायला लागले तर तुम्ही मर्यादा ओलांडलेली आहे, मागे या. याहून चांगली रीत म्हणजे उजाडायच्या आत पाण्याच्या कडेपासून पंचवीस-तीस मीटरवर जाऊन बसणं. तुतवार कडेकडेने चरत आपणहून समोर येतात.

आता गाळ. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसतो आणि खाली लोणी असतं. पाय गुडघ्यापर्यंत गेला की माणूस कॅमेरा वाचवायला बघतो आणि आणखी रुततो. हातात काठी ठेवा, पुढे खुपसून बघा आणि म्हशींच्या ताज्या खुरांच्या वाटेनेच जा. म्हैस पेलणारी जमीन तुम्हालाही पेलते. गाळपेर केलेली असेल, खरबुजाचे वेल असतील, तर मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. विचारलं तर पक्षी सकाळी कुठे उतरतात हेही तोच सांगतो.

प्रश्न : मुलगा टोकियोजवळ आहे. साकुरा बघायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायचा बेत आहे. स्थलांतरित पक्षी मिळतील ना?
– एक वाचक, धुळे

उत्तर : फुलं मिळतील, पक्षी थोडे. टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो. त्यावर मध पिणारे मेजिरो (तिथला चष्मेवाला) आणि बुलबुल छान टिपता येतात, पण ते तिथलेच. दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य या काळात असते. दोन्ही हवं असेल तर एकाच फेरीत जमणं कठीण. पक्षी निवडलेत तर २९ एप्रिल ते ५ मे या सुट्ट्यांच्या आठवड्याच्या नंतरची तारीख घ्या. त्या आठवड्यात गाड्या आणि खोल्या भरलेल्या असतात. जूनमध्ये पाऊस सुरू होतो.

टोकियोतून सर्वांत सोपी जागा म्हणजे चिबा प्रांतातलं यात्सु-हिगाता. केइयो मार्गावरच्या मिनामी-फुनाबाशी स्थानकावरून चालत जाता येतं. चहूबाजूंनी घरं आणि रस्ते, मधोमध साधारण ४० हेक्टर चिखल. १९९३ पासून ती रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. मेच्या सुरुवातीला पट्टेरी शेपटीचे पाणटिवळे आणि टिलव्यांच्या जाती विणीच्या रंगात असतात, शिवाय दगड उलथून किडे शोधणारे टर्नस्टोन.

खानदेशातल्या माणसाची इथे फसगत होते ती भरती-ओहोटीमुळे. धरणाचं पाणी आठवड्यांत उतरतं, हे तासांत. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर पांगतात आणि पूर्ण भरतीला चिखलच नसतो. तुम्हाला हवी ती मधली वेळ, शक्यतो पाणी चढतानाची, कारण तेव्हा पक्षी कडेकडे ढकलले जातात. वसंतात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास टोकियो उपसागरात मोठी ओहोटी दुपारी बाराच्या आगेमागे येते. याच दिवसांत तिथली कुटुंबं चिखलात शिंपले वेचायला उतरतात. तेव्हा सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी दोन ते चार धरा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. यात्सुचं पाणी कालव्यांतून आत येत असल्याने तिथे समुद्रापेक्षा थोडा उशीर होतो. सकाळी पूर्वेच्या कडेला उभे राहा, दुपारी पश्चिमेच्या.

जंगलातले पक्षी हवे असतील तर नागानोजवळचं तोगाकुशी. टोकियोहून नागानोपर्यंत शिंकानसेन (बुलेट ट्रेन), पुढे तासाभराची बस. उंची सुमारे १२०० मीटर, त्यामुळे पानं उशिरा फुटतात आणि मेच्या मध्यापर्यंत फांद्यांमधून पक्षी दिसतो. पुढे नुसता आवाज. काळा-पिवळा किबिताकी, निळा ओरुरी आणि जमिनीवर वावरणारा कोरुरी हे तिथले मानकरी. लाकडी पायवाटा अरुंद आहेत, तीन पायांचा ट्रायपॉड वाट अडवतो. मोनोपॉड न्या. अस्वलं आहेत, पहाटे एकटे जाणार असाल तर पिशवीला घंटी बांधा.

आणि वेळ असेल, पोट खंबीर असेल, तर तोबिशिमा. यामागाता प्रांतातल्या साकाता बंदरातून बोटीने सव्वा तास. जपानचा समुद्र रात्रभर ओलांडून आलेले पक्षी या बेटावर टेकतात, पण कधी? उलटा वारा किंवा पाऊस असेल तर. स्वच्छ आकाश आणि पाठीशी वारा असला की ते बेटावरून पुढे निघून जातात आणि तुम्ही रिकाम्या झुडपांचे फोटो काढता. म्हणजे ज्या हवेत पक्षी उतरतो त्याच हवेत बोट रद्द होते. दोन दिवस हाताशी जादा ठेवल्याशिवाय हा बेत आखू नये, आणि परतीचं विमान तर दुसऱ्याच दिवशी नकोच.

प्रश्न : हतनूरचेच पक्षी तिकडे दिसतात का?
– एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : जाती काही सारख्या, पाखरं वेगळी. तलवार बदक, ठिपकेदार तुतवार, पाणटिवळा दोन्हीकडे आहेत. पण आपल्याकडचे मध्य आशियाई मार्गाने ये-जा करतात. जपानचा मार्ग पूर्व आशिया-ऑस्ट्रेलियाचा. तिथली माळभिंगरी फिलिपिन्स, मलेशियाकडून येते आणि दुकानांच्या, स्थानकांच्या छताखाली घरटं करते. खाली विष्ठा पडू नये म्हणून लोक फळी ठोकतात, घरटं पाडत नाहीत. तुझ्या शहाद्याजवळ १९९७ मध्ये पुन्हा सापडलेला रानपिंगळा मात्र कुठेच जात नाही. तो बघायला व्हिसा लागत नाही.

प्रश्न : जंगलात निळा पक्षी काळा येतो आणि पिवळा पक्षी सपाट पिवळा. सेटिंग सांगा.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : ओरुरी झाडाच्या शेंड्यावर गातो, मागे पांढरं आभाळ. कॅमेरा आभाळ सांभाळतो आणि पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर +१.३ ते +२ करा. पण निळा रंग खरा उजळतो तो समोरून प्रकाश पडल्यावरच, म्हणून उतारावर चढून त्याच्या पातळीला या. किबिताकीचं उलट आहे. काळ्या पाठीमुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि कमरेवरचा पिवळा जळतो. −०.३ ते −०.७ ठेवा आणि हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर पिसांचा पोत गेला, नंतर संगणकावरही परत येत नाही. सावलीत १/३२० ते १/५००, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, आयएसओ ६४०० पर्यंत बिनधास्त. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. हेच आकडे यावल अभयारण्यातल्या नाल्याकाठी नवरंगालाही चालतील.

थोडक्यात

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवावा का, असं अमळनेरहून विचारलंय. नाही, जपानातही नाही, इथेही नाही. हद्द राखणारा नर खाणं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो तिथले जाणकारही टाळतात.

पहाट किती वाजता, असं पाचोऱ्याच्या वाचकाला हवंय. टोकियोत मेच्या सुरुवातीला पावणेपाचच्या आसपास सूर्य उगवतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे.

चार्जरबद्दल नंदुरबारहून : तिथे १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पट्ट्यांची पिन. चार्जरवर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. सामानात टाकल्या तर विमानतळावर बॅग उघडली जाते.

शाकाहाराचं धरणगावहून : रस्सा निव्वळ भाज्यांचा दिसला तरी त्यात बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं. पहाटे दुकानातून उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला भाताचा गोळा घ्या, सोबत घरचे दशमी-शेंगदाणे. बेटावर राहणार असाल तर खोली ठरवतानाच सांगून ठेवा, ऐनवेळी स्वयंपाक बदलत नाहीत.