तिसऱ्या सहीचा चौकोन

प्रश्न : ताई, मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस शिष्यवृत्तीवर एका सेमिस्टरसाठी जर्मनीत आले आहे. निघण्यापूर्वी लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे इथे कोणते विषय घेणार त्याच्या करारावर, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. इथे आल्यावर कळलं, की त्यातला एक विषय या सेमिस्टरला शिकवतच नाहीत. इथल्या मॅडमनी ५ ईसीटीएसचा (ईसीटीएस म्हणजे युरोपातले क्रेडिट) दुसरा विषय सुचवला आणि मी तो सुरूही केला. कॉलेजातले सर फोनवर म्हणाले, "ये तू परत, मग बघू." आमचा मूळ विषय ४ क्रेडिटचा आहे. मैत्रीण म्हणते, ५ ईसीटीएसचे जेमतेम ३ क्रेडिट धरतात. मला केटी लागेल का, म्हणजे तो विषय राहिला असं धरून परत पेपर द्यावा लागेल का?
— एक विद्यार्थिनी, मूळ गाव सांगली

उत्तर : तुझ्या पत्रावर एप्रिलअखेरची तारीख आहे. म्हणजे तिथले वर्ग सुरू होऊन दोनच आठवडे झालेत. केटी टाळायला एवढा वेळ पुरेसा आहे, पण "मग बघू"वर एक दिवसही विसंबू नकोस. सरांच्या मनात खोट नसेल. पण तू परत येशील तेव्हा विभागप्रमुख बदललेले असतील, सर रजेवर असतील, आणि परीक्षा विभाग फोनवरचा शब्द धरत नाही. मी २६ वर्षं एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काढली आहेत, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

फ्रान्सहून परतलेली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. तिनेही असाच विषय बदलला होता. आमच्या विषयापेक्षा तो अवघडच होता आणि तिला गुणही उत्तम होते. तिने प्लास्टिकच्या फाइलमधून कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. बदलाच्या पानावर तिची सही होती, तिथल्या विद्यापीठाची होती. तिसरा चौकोन, आमच्या कॉलेजचा, कोरा. तिचा अर्ज मीच परत केला. नियमाप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये ती ज्युनिअर मुलांबरोबर पेपरला बसली. तो चौकोन तुझ्या कागदावर कोरा राहू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

ॲग्रीमेंटमध्ये तिथे पोचल्यानंतरच्या बदलांसाठी वेगळा भाग असतो. त्यात वगळलेला विषय आणि घेतलेला विषय, दोन्ही लिही. सह्या तीन हव्यात : तुझी, तिथली आणि इथली. सोबत एका कागदावर दोन रकाने कर. डावीकडे आपल्या विषयाचा सिलॅबस, उजवीकडे तिथला, प्रकरणाला प्रकरण लावून. लेक्चरचे तास, लॅबचे तास, परीक्षा लेखी की तोंडी, तेही लिही. विषयाचं नाव जुळतं का हे फारसं कुणी बघत नाही, आत काय शिकवलंय ते बघतात. हे सगळं विभागप्रमुखांना मेल कर, परीक्षा नियंत्रकांना कॉपी ठेव. आणि प्रिंट काढून घरच्या कुणाच्या तरी हातून कॉलेजात द्यायला लाव. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

आता ५ आणि ४ चा हिशोब. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस, आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट. त्या प्रमाणात ५ चे ३.३३ होतात. मैत्रीण हेच म्हणते आहे. पण तासांवर ये. १ ईसीटीएस म्हणजे वर्गातला आणि घरचा अभ्यास मिळून २५ ते ३० तास, म्हणजे तुझे किमान १२५ झाले. आपल्या आराखड्यात १ क्रेडिटला असेच ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटला १२०. तासांच्या हिशोबात तुझा विषय पुरून उरतो. निर्णय तुझ्या विद्यापीठाचा, पण हे गणित अर्जात आकड्यांसकट मांड आणि पूर्ण ४ क्रेडिट माग. तरी कमी पडले, तर तिथलाच एखादा लहान विषय किंवा प्रोजेक्ट जोडता येईल का, हेही आत्ताच विचार.

जर्मनीतली एक गोष्ट आपल्या मुलांना फार चटका लावते. वर्गाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं तिथे नसतं. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदतही वेगळी असते. ती चुकली तर सेमिस्टरभर पहिल्या बाकावर बसूनही क्रेडिट शून्य. ती तारीख आजच बघ.

तिथले ग्रेडही उलटे चालतात. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आमच्याकडे एका क्लार्कने १.३ भोवती लाल वर्तुळ केलं होतं, मुलगा नापास समजून! प्रत्यक्षात तो वर्गात पहिल्या काहींत होता. ट्रान्स्क्रिप्टबरोबर ग्रेडिंगचा तक्ता मागून घे, तिथल्या विद्यापीठाच्या शिक्क्यासह.

डिजिलॉकरवरच्या तुझ्या एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या) खात्यात हे क्रेडिट तुला स्वतःला चढवता येणार नाहीत. ते काम संस्थेचंच. म्हणून परतल्यावर मार्कशीट हातात आली, की खात्यातही ते दिसतात का बघ.

सांगलीहून बाबा किंवा पुण्यातली मैत्रीण, जे कुणी कॉलेजात जाईल, त्यांना सोमवारी सकाळीच पाठव. आवक क्रमांक मिळाला की मला कळव.