उन्हाने चढणारी नदी

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मनालीला गेलो होतो. सकाळी आमची मुले बियास नदीच्या घोटाभर पाण्यातून चालत एका खडकावर जाऊन बसली. दुपारी चारच्या सुमारास पाहिले, तर तोच खडक पाण्याखाली गेलेला! आभाळ दिवसभर निरभ्र होते. मग पाणी आले कुठून? पुन्हा गेल्यास काय काळजी घ्यावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पंचगंगेकाठच्या माणसाची नजर पावसावर आणि राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हा हिशेब आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. बियासचा हिशेब मात्र निराळा आहे. रोहतांगच्या परिसरात उगम पावणाऱ्या या नदीला उन्हाळ्यात डोंगरावरच्या बर्फाचे पाणी मिळते, आणि ज्या लख्ख उन्हामुळे आपल्याला काठावर बसावेसे वाटते, तेच ऊन वर बर्फ वितळवत असते. रात्रीच्या गारठ्यात वितळणे मंदावते, म्हणून सकाळी नदी उथळ दिसते. दुपारनंतर पाणी चढते आणि खालच्या गावांना हा चढ आणखी उशिरा, कधी अंधार पडल्यावर पोहोचतो. त्यातच वर जोराचा पाऊस झाला, तर दोन्ही पाणी एकदम खाली येते.

मुलांच्या बाबतीत मला त्या खडकापेक्षा त्याच्या आणि काठाच्या मधल्या पाण्याची धास्ती वाटते. खडक कोरडा असतानाच परतीची वाट बुडालेली असते, आणि गुडघ्याएवढा वेगवान प्रवाहही मोठ्या माणसाचे पाय उचलतो. पाणी इतके थंड असते की पडताक्षणी धाप लागते, तोंडात पाणी जाते आणि थोड्याच वेळात हातपाय बधिर होतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही तिथे काही चालत नाही.

धरणाच्या खालच्या बाजूला तर ऊन-पावसाचाही अंदाज उपयोगी पडत नाही. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलोटजवळ हैदराबादहून सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी पात्रात उतरले असताना लारजी धरणातून सोडलेले पाणी आले आणि त्यांपैकी २४ जण वाहून गेले. म्हणून अशा ठिकाणी पात्र कोरडे दिसले तरी उतरू नये.

पाणी गढूळ झाले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा तळाचे धोंडे गडगडल्याचा आवाज आला, तर चपला शोधत न बसता मुलांना घेऊन वर चढावे. कोणी पडलेच, तर मागोमाग उडी न घेता काठावरूनच दोर, ओढणी किंवा काठी टाकावी आणि ११२ वर फोन करावा. स्वतः पडल्यास वेगवान प्रवाहात उभे राहण्याची धडपड करू नये, कारण दगडांत पाय अडकतो. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि हातांनी काठाकडे सरकावे. बसायची जागा निवडताना काठच्या दगडांवरची ओल आणि बारीक वाळूची रेघ आधी पाहावी. आदल्या दिवशी पाणी तिथवर चढले होते. बैठक त्या रेघेच्या बरीच वर मांडावी.